अळंबीचं पिवळं

शनिवारी सकाळी दहा वाजून चाळीस मिनिटांनी प्रयोगशाळेतल्या मिक्सरच्या झाकणाचं रबर निघालं. रबराखालच्या खाचेत पिवळं होतं.

घडलं ते एवढंच. झाकण नीट बसत नव्हतं, म्हणून जया खोब्रागडेनं ते उलटं केलं आणि नखानं रबराची कड उचलली. सोमवारी तिच्या विद्यार्थिनीची, नम्रता भोयरची, पीएचडीची तोंडी परीक्षा होती. टेबलावर बशीत ठेवायला थोडी वाळलेली धिंगरी अळंबी दळून हवी होती, पाहुण्यांना दाखवण्यापुरती. खाचेतलं पिवळं कोरडं होतं, कडेला गडद, मध्ये मातीसारखं फिकट. मराठी घरात वाढलेल्या माणसाला तो रंग ओळखायला यंत्र लागत नाही. तरी जयानं सुईच्या टोकानं ते खरवडून काचेच्या तुकड्यावर घेतलं आणि वर धुण्याच्या सोड्याच्या पाण्याचा थेंब टाकला. थेंब लाल झाला. पातळाला आमटीचा डाग पडतो आणि त्याला साबण लागला की तो असाच लाल होतो. तिची आई तेव्हा म्हणायची, आता ऊन दाखव, ऊन खाईल त्याला. जयानं काच खिडकीपाशी नेली नाही. ती तशीच हातात धरून उभी राहिली. बाहेर रस्त्यावर कंपन्यांच्या बसगाड्या शनिवार असूनही चालल्या होत्या, आणि तिच्या मनात पहिला विचार आला तो अगदी किरकोळ होता: हा मिक्सर घ्यायला नको होता. प्रयोगशाळेची चक्की घ्यायची होती. तिच्यासाठी दोन वर्षं अर्ज फिरला आणि शेवटी बाजारातला घरगुती मिक्सर आला.

हळद कुठे पडली, हे समजायला आधी पिवळं म्हणजे काय ते समजावं लागतं, आणि जयाच्या आयुष्यातली अठरा-एकोणीस वर्षं त्याच एका गोष्टीत गेली होती. फ्लॅव्होनॉइड ही झाडांची मिळकत. कांद्याच्या सालीत, चहाच्या पानात, झेंडूच्या पाकळीत ती असतात; ऊन अंगावर घेणाऱ्याला ती छत्रीसारखी उपयोगी पडतात. ॲल्युमिनियम क्लोराइडचं द्रावण घातलं की ती पिवळी होतात, आणि पिवळेपणा यंत्रात मोजता येतो. अळंबीचा अर्क घेतला तरी पिवळं येतं. अनेकांनी ते मोजलं, आकडे छापले, खाद्य अळंबीत फ्लॅव्होनॉइड भरपूर म्हणून जाहिरातीही झाल्या. मग आक्षेप आला, आणि तो सरळ होता. फ्लॅव्होनॉइड घडवण्याची साखळी असते. तिच्या पहिल्या कड्या अळंबीत सापडतात. मधली कडी, झाडांकडे असते ती, अळंबीकडे सापडत नाही. मग हे पिवळं आलं कुठून? अळंबी गव्हाच्या नाहीतर सोयाबीनच्या काडावर वाढते. काड झाडाचं. तेव्हा अळंबीनं ते काडातून उचललं असणार. तिचं स्वतःचं नव्हे. एका परिसंवादात जयानं याविरुद्ध मत मांडलं, तेव्हा तिच्याच विभागाचे प्रमुख, डॉ. अनंत बेहेरे, चहाच्या वेळी म्हणाले होते की अहो बाई, जे अंधारात वाढतं त्याला उन्हाची छत्री कशाला लागेल. सगळे हसले. तीही हसली. मग ते म्हणाले, "आणि कावीळ झालेल्याला सगळंच पिवळं दिसतं, हेही ध्यानात असू द्या." बेहेरे सर वाईट माणूस नव्हते. तिच्या बढतीच्या वेळी चांगलं पत्र त्यांनीच लिहिलं होतं.

उचललेलं, स्वतःचं नव्हे. हे वाक्य तिनं अळंबीबद्दल ऐकलं त्याच्या कितीतरी आधी ऐकलं होतं. चंद्रपूरकडच्या शाळेत, नववीत, विज्ञानाच्या पेपरात तिला वर्गात सर्वांत जास्त गुण पडले. गुरुजींनी तिला उठवलं आणि मागच्या भिंतीपाशी वेगळ्या बाकावर बसवून तोच पेपर पुन्हा लिहायला लावला. बाकावर दुसरं कोणी नाही, जवळ पुस्तक नाही, खिडकी बंद. तिनं लिहिला. एक गुण कमी पडला, आणि गुरुजी तो कमी पडलेला गुण बोटानं दाखवत राहिले. संध्याकाळी वडिलांनी पेपर हातात घेऊन विचारलं होतं, "हे तुह्यंच हाय नं, बाई?" ते रेल्वेत खलाशी होते, छप्पन साली आपल्या बापाच्या खांद्यावर बसून नागपूरला दीक्षेला गेलेले. त्यांना संशय नव्हता. त्यांना फक्त तिच्या तोंडून ऐकायचं होतं. ती हो म्हणाली. पुढे पुण्यात आल्यावर हा प्रश्न इतक्या सभ्य रीतीनं विचारला जाई की तो प्रश्न आहे हे कळायलाही वेळ लागे. तुम्हाला प्रवेश कुठल्या यादीतून मिळाला. तुमचं बरंय हो. बरं शिकवता तुम्ही, अगदी वाटत नाही. जे काही तिच्यात होतं ते काडातून आलेलं होतं, असं म्हणणारा एकही माणूस तिला कधी भेटला नाही. सगळे भेटले ते आश्चर्य वाटणारे.

म्हणून तिनं अळंबीला वेगळ्या बाकावर बसवलं. काड नाही, भुसा नाही, झाडाचा एक कणसुद्धा नाही. चंबूत निव्वळ पाणी, ग्लुकोज, थोडे क्षार; त्यात धिंगरीचा एक तुकडा सोडायचा, आणि कापसासारखे पांढरे तंतू वाढू द्यायचे. हे काम नम्रतानं केलं. नम्रता वर्ध्याकडची. हिंजवडीत एका कंपनीत दोन वर्षं रात्रपाळीला परदेशी लोकांची गाऱ्हाणी ऐकून तिनं ती नोकरी सोडली होती, लग्नही पुढे ढकललं होतं, आणि घरच्यांना सांगितलं होतं की मला एकच गोष्ट नीट करायची आहे. तंतू वाढले, गाळले, वाळवले, दळले. चिमूटभर पूड. अर्क काढून त्यात द्रावण घातलं, आणि पिवळं आलं. काड नसताना आलं. तीन चंबू, तिन्हींत आलं. नम्रता रडली होती. जया खुर्चीवर बसून राहिली होती, आणि तिला आईची आठवण आली होती, वारुळावर उगवणारे टेकोडे, ती रानातली अळंबी, ओच्यात घेऊन येणारी, आणि ते धुताना म्हणणारी की याला ना बी, ना बाप, तरी बघ कसं आलंय. ही गोष्ट दिवाळीच्या थोडी आधीची, दसरा नुकताच झाला होता. त्यावर प्रबंधाचं चौथं प्रकरण उभं होतं, आणि एका बऱ्या नियतकालिकानं स्वीकारलेलं टिपणही. तिन्ही चंबूंची पूड एकाच दिवशी याच मिक्सरमध्ये झाली होती.

नम्रता साडेअकराला आली. हातात इस्त्रीला दिलेल्या साडीची पिशवी होती. जयानं तिला बसायला सांगितलं आणि झाकण पुढे ठेवलं. खंडेनवमीला, यंत्रांच्या पूजेच्या दिवशी, मिक्सर कोणी वापरला, असं विचारलं. आवाज नेहमीचा ठेवला होता. नम्रतानं झाकणाकडे पाहिलं आणि तिचा चेहरा हळूहळू, एकेक भाग करून, बदलत गेला.

"मॅम, बेहेरे सरांनी सांगलीहून हळकुंडं आणली होती. विकतच्या हळदीत भेसळ असते म्हणाले, पूजेला नको. मीच दळली. भांडं मी घासलं होतं, मॅम. दोनदा घासलं."

"झाकण?"

"झाकण पुसलं होतं."

रबर कोणी काढत नाही, घरीसुद्धा. बाजारच्या हळदीतला खोटा रंग कसा पकडायचा, हा प्रयोग याच टेबलांवर दरवर्षी पहिल्या वर्षाच्या मुलांकडून करून घेतला जातो. या विभागातल्या माणसांनाच पूजेची हळद स्वतः दळण्याची गरज वाटू शकते. जयाला हसू येईल असं वाटलं. आलं नाही. तिनं विचारलं की मला हे तेव्हा का सांगितलं नाही. नम्रतानं पिशवीचे बंद बोटाला गुंडाळले, सोडले.

"तुम्ही नागपूरला गेला होता ना. आल्यावर सांगणार होते. पण ते पूजेचं होतं. सगळे म्हणाले, मॅडमना कशाला सांगायचं, त्यांना आवडायचं नाही."

सगळे म्हणजे कोण, हे जयानं विचारलं नाही. दरवर्षी खंडेनवमीला विभागात यंत्रांची पूजा होते: तराजूला हार, सूक्ष्मदर्शकावर अक्षता, यंत्राच्या पडद्यावर कुंकवाचं बोट. दरवर्षी जया त्या दिवशी दीक्षाभूमीला जायला नागपूरच्या गाडीत असते. तिनं कधी आक्षेप घेतला नव्हता. पहिल्या वर्षी फक्त पेढा घेतला नव्हता, दात दुखत होता म्हणून, आणि दात दुखतो हे कोणाला खरं वाटलं नव्हतं. तेव्हापासून ती परत आली की हारांचा कचरा उचललेला असे, कुंकू पुसलेलं असे, शिपाईकाम करणाऱ्या यमुनाबाई फरशी जरा जास्तच घासत, आणि बोलणं ती आत आली की हवापाण्यावर जाई. ही माणसं तिचा मान राखत होती. त्यांनी तिच्यापासून झेंडू लपवला, पेढे लपवले, हळद लपवली, आणि हे सगळं आदरानं केलं. त्यातल्या एकानंही फटकन म्हटलं असतं की बाई, तुमच्या मिक्सरात आम्ही हळद दळली, तर तिनं रबर काढलं असतं. नम्रतानं विचारलं की आता काय करायचं. जया म्हणाली, मी सांगते तुला. नम्रता दारात थांबली, आणखी काही येईल म्हणून, मग गेली.

बेहेरे सर त्यांच्या खोलीत सोमवारच्या पाहुण्यांच्या जेवणाचं बघत होते. त्यांनी झाकण हातात घेतलं, चष्मा कपाळावर सारून पाहिलं, वास घेतला. सांगलीचीच, म्हणाले. रबरातलं सगळं पुडीत उतरलंच असेल असं नाही, हे ते म्हणाले आणि ते खरं होतं. उतरलं असेल तरी किती, हे आता मोजता येणार नाही, पूड संपली आहे, हेही खरं होतं. हळद तेच द्रावण घातल्यावर तशीच पिवळी होते, आणि त्यांचं साधं यंत्र दोन पिवळ्यांत फरक करत नाही. परीक्षा पुढे ढकलावी, चंबू पुन्हा लावावेत, आणि त्याचं कारण लिहून द्यावं, असं जया म्हणाली. बेहेरे सरांनी झाकण टेबलावर ठेवलं. खूप काळजीपूर्वक ठेवलं.

"काय लिहून देणार?"

"घडलं ते."

"बाई, मी तुम्हाला नको म्हणत नाही. पण तुम्ही लिहाल विभागातल्या पूजेच्या हळदीमुळे प्रयोग नासला. खाली सही, जया खोब्रागडे. लोक त्यात पूजा वाचतील आणि सही वाचतील. अळंबी कोणी वाचणार नाही."

तिला राग यायला हवा होता. पण ते तिला घाबरवत नव्हते. पुण्यातला माणूस पावसाचा अंदाज सांगतो तसं त्यांनी सांगितलं होतं, आणि तो अंदाज बरोबर होता. दुसरं काही कारण लिहा, असं ते नंतर म्हणाले. यंत्र बिघडलं म्हणा. ती उठली. दारापाशी त्यांनी हाक मारली आणि म्हणाले की हळकुंडं मी आणली होती, हे मला ठाऊक आहे. एवढंच म्हणाले. त्यानं काही हलकं झालं नाही.

दुपारी तिनं स्वतः नवे चंबू लावले. पाणी, ग्लुकोज, क्षार. धिंगरीचा तुकडा. हे तंतू वाढून, वाळून, दगडी खलात दळून होईपर्यंत तीन आठवडे जाणार होते, आणि परीक्षा परवा होती; ती पुढे ढकलण्याचं पत्र तिनं अजून लिहिलं नव्हतं. खोकी भरून पेढे येणार होते. बाहेरचे परीक्षक विमानानं निघणार होते. विश्रांतवाडीच्या घरी परतताना रिक्षात तिच्या डोक्यात एकच वाक्य फिरत राहिलं, आणि ते तिचं नव्हतं, बेहेरे सरांचं होतं: दात दुखतो म्हणून कोणाला खरं वाटेल. ते असं म्हणाले नव्हते. तिनंच त्यांच्या आवाजात ते तयार केलं होतं.

रविवारी तिचा मुलगा अभिनव वारज्याहून जेवायला आला. तो हिंजवडीत एका कंपनीत आहे, शनिवार-रविवारसुद्धा त्याचा फोन टेबलावर पालथा पडून घरघरत असतो. जया वरणाला फोडणी देत होती. मिसळणाच्या डब्यातला चमचा तिनं उचलला, आणि हळद तेलात पडल्यावर जो वास येतो, कच्चा आणि लगेच भाजका, तो आल्यावर चमचा तिच्या हातात तसाच राहिला आणि फोडणी करपू लागली. अभिनवनं गॅस बंद केला. तिनं त्याला सगळं सांगितलं. त्यानं मध्ये न बोलता ऐकलं, मग म्हणाला की आमच्याकडे गडबड सापडली तर आदल्या दिवशीच्या व्हर्जनवर जातो, सिंपल आहे. तुमच्यात रोलबॅक नाही का? ती म्हणाली, आमच्यात आदल्या दिवशीचं काही उरत नाही, दळून टाकतो आम्ही. तो हसला. नंतर पानावर बसल्यावर त्यानं सहज म्हटलं:

"पण आई, दोन्ही असू शकतं ना? हळद पण, आणि अळंबीचं स्वतःचं पण."

त्याला ते आशेचं वाटलं होतं. जयानं भात कालवला आणि तसाच ठेवला. दोन्ही असू शकतं. अळंबीनं खरोखर काही केलेलं असू शकतं, अंधारात, कोणी सांगितलेलं नसताना, मधली कडी नसताना दुसऱ्या कुठल्यातरी वाटेनं. आणि तेही त्या आकड्यात असू शकतं, हळदीच्या आत, वेगळं काढता न येणारं. खोटं ठरलं असतं तर ते खोडता आलं असतं. हे खोडताही येत नव्हतं. तिला मागच्या भिंतीजवळचा तो बाक आठवला आणि पहिल्यांदाच असं मनात आलं की तो दुसरा पेपर लिहिताना तिला पहिल्यातली उत्तरं पाठ होती. मग त्या बाकानं काय सिद्ध केलं. वडील विचारत होते आणि ती हो म्हणाली होती. वडील जाऊन बरीच वर्षं झाली होती आणि तिला आता कोणाला विचारायचं ते सुचत नव्हतं.

संध्याकाळी नम्रताचा फोन आला. जयानं तो वाजू दिला. थोड्या वेळानं मेसेज आला: मॅम, स्लाइड एकोणीस ठेवू की काढू? एकोणिसाव्या स्लाइडवर तीन चंबूंचा आलेख होता. जयानं उत्तर लिहायला घेतलं. ठेव, असं लिहिलं तर तो हुकूम होता, आणि पोरगी तो पाळून आयुष्यभर त्याच्यावर उभी राहिली असती. काढ, असं लिहिलं तर चौथं प्रकरण पडलं, आणि परीक्षकांच्या हातात छापील प्रबंध आहेच, ते विचारणार. तुला वाटेल ते कर, हे तिनं लिहिलं आणि पुसलं, कारण हे वाक्य तिला आयुष्यभर लोकांनी म्हटलं होतं आणि त्याचा अर्थ तिला माहीत होता. शेवटी तिनं फोन उशाखाली ठेवला. तिनंही न सांगणंच पत्करलं होतं, तेही मान राखण्यासाठी, हे तिच्या ध्यानात आलं.

सोमवारी सकाळी तिनं आधी उबवणीचं कपाट उघडलं. चंबूत सोडलेल्या तुकड्यांभोवती पांढरी कड धरली होती, केसाइतकी. बाकी पाणी स्वच्छ होतं. सभागृहात पहिल्या रांगेत बेहेरे सर होते. त्यांच्या मागे नम्रताचे वडील, वर्ध्याहून आलेले, पांढरा सदरा, मांडीवर पेढ्यांचं खोकं, ते खाली ठेवायला कोणी सांगितलं नव्हतं. यमुनाबाईंनी पाण्याचे ग्लास मांडले आणि जयाकडे न बघता गेल्या. नम्रता साडीत उंच दिसत होती. तिनं पहिली तीन प्रकरणं सरळ, न चुकता सांगितली. तिनं जयाकडे पाहिलं नाही. मग एकोणिसावी स्लाइड आली. तिनं ती काढली नव्हती. पडद्यावर तीन उभे पिवळे खांब होते, जवळजवळ सारख्या उंचीचे.

बाहेरचे परीक्षक पुढे वाकले. त्यांचा आवाज मऊ होता.

"काड नव्हतं, हे मान्य. पण हे पिवळं अळंबीचंच, असं तुम्ही कशावरून म्हणता?"

नम्रताच्या हातातला पॉइंटर खाली गेला. लाल ठिपका फरशीवर येऊन थांबला. तिनं आता जयाकडे पाहिलं. बेहेरे सर बुटांकडे बघत होते. नम्रताचे वडील मुलीकडून पडद्याकडे आणि पडद्याकडून मुलीकडे पाहत होते, काहीतरी चांगलंच विचारलं गेलं असणार अशा चेहऱ्यानं.

तेव्हा अकरा वाजून वीस मिनिटं झाली होती. जया उभी राहिली होती. ती अजून काही बोलली नव्हती.